वनपुजारणीचं लांडगेपण

शुक्रवारपासूनच वहिनीच्या हाताला चैन नव्हती. कवळ्या बनवणाऱ्या बाईच्या हाताला चैन नसणं ही काही चांगली गोष्ट नव्हे. दुपारी तिने एका आजोबांच्या कवळीत डावा सुळा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला, स्वतःशीच हसली आणि मेण मऊ करून दोन्ही पुन्हा उपटले. शेजारच्या टेबलावरून नवरा बघत होता. बरं वाटतंय ना, असं त्याने विचारलं. हा प्रश्न तो हल्ली इतक्यांदा विचारायचा की तिने उत्तर देणंच सोडलं होतं. तिला बरंच वाटत होतं. बरं कसलं, नाचावंसं वाटत होतं. तिला लांडगा चावला होता.

चावला होता म्हणजे खेळात. उगाच कुणी घाबरू नये म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं. दर रविवारी दुपारी कार्यशाळेतल्या मोठ्या टेबलावरचे प्लास्टरचे जबडे फळीवर चढवले जात आणि तिथे चौघांचा खेळ बसे. वहिनी, तिचा नवरा, धाकटा दीर, ज्याला ती भाऊजी म्हणते, आणि थोरली नणंद, जिला सगळेच ताई म्हणतात. खेळ गोष्टीचा. प्रत्येकाचं एक पात्र. भाऊजी सूत्रधार. ते सांगणार की समोर दरी आहे आणि पलीकडे धूर दिसतोय, आणि बाकीच्यांनी सांगायचं की आपलं पात्र काय करतं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. भाऊजी आठवडाभर उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे त्यांच्या गोष्टीत दऱ्या, विहिरी आणि भुयारं फार. हौस दांडगी. फासा पडायच्या आधीच त्यांचे डोळे मोठे होतात.

ताईंचं पात्र ढालकरीण. नवऱ्याचं पात्र वैद्य. आणि वहिनी वनपुजारीण, म्हणजे जंगलाची पुजारीण. झाडांशी बोलते, पावसाला थोपवते, मनात आलं की अस्वल होते, ससाणा होते, पाणमांजर होते आणि काम झालं की परत बाई होते. पाच वर्षं वहिनीने ती जपली होती. तिची छोटी मूर्तीही तिने स्वतः घडवली होती, कवळीच्या गुलाबी प्लास्टिकची. त्यामुळे वनपुजारीण दिसायला जराशी हिरडीसारखी होती, पण तिच्या तोंडावर तसं बोलायची कुणाची छाती नव्हती.

गेल्या रविवारी एका गुहेच्या तोंडाशी लांडगामाणसाने तिच्या खांद्याचा लचका तोडला, वनपुजारीण बेशुद्ध पडली आणि नेमकी तिथेच भाऊजींनी घड्याळ बघून वही मिटली. नियमाचं पुस्तक अशा वेळी काय म्हणतं, ते सगळ्यांना पाठ होतं. चावलेल्याला लांडगेपण लागतं. पौर्णिमेच्या रात्री तो लांडगा होतो, आणि त्या रात्रीपुरतं पात्र खेळाडूच्या हातातून निघून सूत्रधाराच्या हातात जातं. त्या लांडग्याने माणूस मारला, तर मग कुठलंच औषध चालत नाही. पात्र कायमचं सूत्रधाराच्या डब्यात. औषधाची बाटली एकच होती, आणि ती वैद्याकडे. म्हणजे खरोखरच नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात. कारण ह्या टेबलाचा रिवाज असा की ज्याच्या पात्राकडे जी वस्तू, तिचं चिन्ह त्याने अंगावर बाळगायचं. पुढच्या रविवारी गोष्टीत पौर्णिमेची रात्र होती, आणि पहिली खेळी वैद्याची. आणि बेशुद्ध पात्राला नाही म्हणता येत नाही.

“काळजी करू नकोस,” त्याच संध्याकाळी कप विसळताना नवरा तिला म्हणाला होता, “बसल्या बसल्या पहिलं काम तेच करतो. ओततो तोंडात.”

किती मायेने म्हणाला होता. वहिनीने कप पुसला आणि फळीवर ठेवला. पण तेव्हापासून तिच्या आत काहीतरी उड्या मारू लागलं होतं. तिला ते औषध नको होतं. तिला लांडगेपण हवं होतं.

त्याच खिशात आणखी एक डबी असायची, तिच्या गोळ्यांची. गेल्या वर्षी एका सकाळी बर्नरवर मेण तापवता तापवता वहिनीला फीट आली होती. नंतर आणखी दोनदा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोळ्या लागू पडल्या, आणि गेले कित्येक महिने सगळं ठीक होतं. पण बर्नर नवऱ्याच्या टेबलावर गेला तो गेलाच. मेण आता तो तापवायचा आणि चमच्याने तिच्या हातात द्यायचा. कवळ्यांना झिलई देणाऱ्या यंत्राशी ती बसली की तो मागे उभा. स्कूटरची किल्ली कुठे गेली, हे तिने विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं. आणि सकाळ-संध्याकाळ तो खिशातून डबी काढायचा, एक गोळी तिच्या तळहातावर ठेवायचा आणि ती गिळेपर्यंत पाण्याचा पेला धरून थांबायचा. त्याच्या प्रेमात खोट काढायला जागा नव्हती. हीच तर पंचाईत होती.

शनिवारी तिने लांडगा केला. त्याला बर्नर लागत नाही. पावडर आणि द्रव कालवला की गुलाबी प्लास्टिक आपोआप घट्ट होतं. त्यात काळा रंग मिसळला, पाठ बाकदार केली, शेपूट ताठ केली, आणि तोंडात बसवायला उरलेल्या दातांच्या पेटीतून खरेखुरे सुळे निवडले. माणसाच्या मापाचे सुळे बोटभर लांडग्याच्या तोंडात. ते ध्यान असं काही दिसू लागलं की तिला एकटीला हसू आवरेना. हसता हसता तिने त्याला तळहातावर घेतलं, आणि मग हसू थांबलं. त्याच्याकडे बघताना तिला भीती वाटत नव्हती. किती दिवसांत तिला स्वतःच्या अंगाबद्दल भीतीशिवाय दुसरं काही वाटलं नव्हतं, हे तिला तेव्हा कळलं.

रविवारी जेवणं आटोपली. जबडे फळीवर चढले, चहाचे पेले मांडले गेले. भाऊजींनी हात चोळले, घसा खाकरला आणि वैद्याची खेळी म्हणून पुकारलं. नवऱ्याचा हात खिशाकडे गेला. तोंड उघडून तो बोलणार, एवढ्यात वहिनीने आपला पेला टेबलावर पालथा घातला.

चहा थोडा राहिला होता, तो नकाशावरच्या दलदलीत पसरला. कुणी पुसायलाही उठलं नाही. भाऊजींचे डोळे मोठे झाले.

ह्या टेबलावर बोललं ते झालं. म्हणजे आपलं पात्र अमुक करतं, असं तोंडातून निघालं की मागे घेता येत नाही. ताई एकदा नुसत्या कंटाळून “मी उडी मारते” म्हणाल्या होत्या, तर ढालकरणीचा पाय तीन महिने मोडलेला होता. म्हणून मग पालथ्या पेल्याची सोय. कुणाच्या खेळीवर हरकत असेल तर ती बोलली जायच्या आत पेला पालथा घालायचा. खेळ थांबतो. प्रत्येकाने एकदाच बोलायचं, मधे कुणी तोंड घालायचं नाही. सगळ्यांचं बोलून झालं की ज्याच्या खेळीवर हरकत, त्याने पेला सरळ केला तर खेळी मागे. नाही केला, तर खेळी होणार. आणि हरकत घेणाऱ्याला तोवर चहा नाही. पाच वर्षांत पेला फार तर चारदा पालथा पडला होता, आणि तोही ताईंचा. वहिनीचा कधीच नाही.

“कशावर हरकत, वहिनी?” भाऊजींनी विचारलं. आवाज गंभीर ठेवायचा त्यांनी फार प्रयत्न केला, पण आनंद लपत नव्हता.

“औषधावर,” वहिनी म्हणाली. “वनपुजारणीला लांडगेपण हवंय.”

तिने लांडगा टेबलावर ठेवला. ते सुळे बघून भाऊजींच्या तोंडून शिट्टी निघाली. नवऱ्याने आधी लांडग्याकडे बघितलं, मग बायकोकडे, आणि खिशातला हात खिशातच राहिला.

पहिला मान ताईंचा. ताई नोकरीने वाहनचालकांच्या परीक्षा घेतात. शेजारच्या सीटवर बसून, मांडीवर पाटी घेऊन, त्यांनी भल्याभल्यांना घाम फोडलेला आहे. त्या सरळ बसल्या आणि मुद्द्यालाच हात घातला. त्यांचं म्हणणं असं, की वनपुजारीण अस्वल होते ती व्रताच्या जोरावर, आपल्या मनाने. पाच वर्षांच्या तपश्चर्येने तिने ते मिळवलं. लांडगेपण ही तपश्चर्या नव्हे, तो रोग आहे, शाप आहे. लांडगा निसर्गातला, माणूस निसर्गातला, पण लांडगामाणूस कुठल्याच जंगलात जन्मत नाही. तो बिघाड आहे. निसर्गाच्या पुजारणीने बिघाडाला देव्हाऱ्यात बसवायचं? शिवाय साध्या शस्त्राने लांडगामाणसाला जखम होत नाही. म्हणजे ढालकरणीने मार खायचा आणि वनपुजारणीने फुकटात अंगाला चिलखत घालून मिरवायचं. हे तर त्यांना मुळीच मान्य नव्हतं. बोलता बोलता ताई रंगात आल्या. बोट टेबलावर आपटू लागल्या.

“आणि सगळ्यात मोठी गोष्ट,” त्या म्हणाल्या, “ताबा. ज्या बाईचा स्वतःवर ताबा नाही, तिच्या हातात जंगल कसं द्यायचं? मी तर दिलं नसतं. कधी सुटेल ह्याचा भरवसा नाही, अशा माणसाच्या हातात मी साधी—”

आणि ताई थांबल्या. त्यांना पुढचा शब्द ऐकू आला असावा. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. भाऊजी फाशाकडे बघू लागले, नवरा जमिनीकडे. फळीवरचे जबडे तेवढे सगळ्यांकडे बघून हसत होते.

वहिनीला मात्र राग आला नाही. उलट तिला वाटलं, बरं झालं. वर्षभर ज्या गोष्टीभोवती सगळे चवड्यांवर चालत होते, ती एकदाची टेबलावर येऊन पडली होती. पण मधे बोलायचं नाही हा नियम होता, म्हणून ती हातांची घडी घालून गप्प बसली.

नवऱ्याची पाळी आली. तो वाद घालणारा माणूस नव्हेच. तो दोनच वाक्यं बोलला. वनपुजारणीने आज रात्री कुणाला मारलं तर ती कायमची जाणार, आणि ती डब्यात गेल्यावर वैद्याला ह्या खेळात करण्यासारखं काही उरणार नाही. “मला ती हवी आहे,” तो म्हणाला, “एवढंच.”

भाऊजींना मात्र किती बोलू आणि किती नको असं झालं होतं. त्यांनी आठवडाभर पुस्तक उलथंपालथं केलं होतं. पुस्तकात ह्याचं उत्तरच नाही, असं ते इतक्या आनंदाने म्हणाले की जणू त्यांना लॉटरी लागली. वनपुजारीण व्रताने पशू होते, लांडगेपण चंद्राने येतं. आता चंद्र निसर्गात मोडतो की नाही? मोडतो. मग भरती-ओहोटी शाप म्हणायची का? नाही. पण पुस्तक हेही म्हणतं की त्या रात्री पात्र सूत्रधाराचं, आणि ते ह्यात सूट देणार नव्हते. लांडगेपण शोभतं की नाही, ते ते सांगू शकत नव्हते. फुकट मात्र नाही, हे नक्की. चिलखत मिळेल, पण वनपुजारीण खरोखर हातातून जाऊ शकते. मग त्यांनी वहिनीकडे हात केला.

वहिनीने रात्रभर जुळवलेलं भाषण तिला आठवेना. शेवटी ती जे समोर दिसत होतं तिथूनच बोलू लागली.

“ताई म्हणाल्या ते खरं आहे. वनपुजारीण अस्वल होते ती आपल्या मनाने. पाच वर्षं झाली, परतीचं तिकीट काढूनच ती जंगलात जाते. ससाणा होते, हवं ते बघून येते, परत बाई. जंगलातल्या कुणाला असं येता येतं? हरणाला थोडंच विचारतात, की आज तुला पाठलाग सोसेल का म्हणून? झाडाला कीड लागते, नदीला पूर येतो, वीज पडते. जंगल म्हणजे ते सगळं. जे आपल्या ताब्यात राहील तेवढंच जंगल आपलं म्हणणारी बाई पुजारीण नव्हे, माळीण आहे. माळीण असण्यात वाईट काही नाही. पण हिने व्रत पुजारणीचं घेतलंय. लांडगेपण तिला शोभतं का? मी म्हणते, आजवर जे केलं ते शिकाऊपण होतं. आज पहिल्यांदा तिची परीक्षा आहे. मला तर आठवडाभर झोप लागेना, इतकं मला हे बघायचंय.”

भाऊजींनी नियम मोडून टेबलावर थाप मारली आणि लगेच हात मागे घेतला.

“आता ताब्याचं,” वहिनी म्हणाली. तिचा आवाज खाली आला, पण डोळे तसेच चमकत होते. “मला फीट येते हे इथे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा ताई, तुम्ही लाल होऊ नका. माझा ताबा सुटतो. सुटू दे. त्याला औषध आहे, ते मी घेते आणि घेत राहणार. शुद्ध गेली ह्याचं मला तेवढं लागलं नाही. मला लागलं ते शुद्ध आल्यावरचं. मी डोळे उघडले तर सगळं ठरून गेलेलं होतं. बर्नर हलला होता. किल्ली गेली होती. माझी कामं कुणी करायची, मी कुठे बसायचं, कुठे जायचं नाही, सगळं. मला काहीही विचारायचं कुणाच्या मनातच आलं नाही. आणि सगळ्यांनी ते प्रेमानेच केलं, म्हणून मला भांडताही येईना.”

ती नवऱ्याकडे वळली.

“तू पाजणारच म्हणालास तर मी काही करू शकत नाही. वनपुजारीण बेशुद्ध आहे. पण ती बेशुद्ध असताना पाजू नकोस. तिला उठू दे. मग विचार. एवढीच माझी हरकत आहे.”

नियमाप्रमाणे आता कुणी बोलायचं नव्हतं. नवरा त्या पालथ्या पेल्याकडे बघत होता. त्याच्या मनात काय चाललंय, ते वहिनीला एरवी पाठ असायचं, पण आत्ता काही केल्या वाचता येईना. त्याचा हात खिशातून बाहेर आला, रिकामा. त्याने पेला उचलला, सरळ केला, आणि किटलीतला चहा त्यात ओतला. ओतताना थोडा सांडला.

“वैद्य झाडाखाली बसतो,” तो म्हणाला. “काठी बाजूला ठेवतो. बसून राहतो.”

“काठी बाजूला?” ताई किंचाळल्याच. पण बोललं ते झालं.

मग जे सुरू झालं, तसं त्या टेबलाने पाच वर्षांत बघितलं नव्हतं. भाऊजींनी कामाचा दिवा ओढून टेबलाच्या मधोमध आणला. त्याची दुधी काच गोल होती. तो लावला आणि नकाशावर पौर्णिमा झाली. वहिनीने लांडगा आपल्या हाताने त्यांच्या तळहातावर ठेवला आणि स्वतःचे हात मांडीखाली दाबून धरले, कारण ते आपोआप फाशाकडे जात होते. खेळातल्या रात्रीचे तीन प्रहर, प्रत्येक प्रहराला एक फासा. कमी पडला तर लांडगा माणसांकडे वळणार, जास्त पडला तर जंगलाकडे.

पहिला फासा चौदा. भाऊजींना कंठ फुटला. लांडगा जंगलाकडे सुटतो, ते सांगू लागले. त्याला वास येतात, एकावर एक, ओल्या सालीचे, कुजक्या पानांचे, लांब झोपलेल्या रानडुकराचे. झाडं आज त्याच्याशी बोलत नाहीत, कारण बोलायची गरजच उरलेली नाही. वहिनीच्या अंगावर सरसरून काटा आला. इतकी वर्षं ती झाडांना प्रश्न विचारत आली होती, आणि आज पहिल्यांदा तिला काही विचारायचंच नव्हतं. ती खुर्चीत पुढे सरकली. तिच्या गालांवर लाली आली होती.

दुसरा फासा सहा. लांडगा तळावर आला. ढालकरीण आडवी आली. ताईंनी आपला फासा असा फेकला की तो जबड्यांच्या फळीवर आदळून परत आला. सतरा. ढालीवर पंजे खरवडल्याचा आवाज भाऊजींनी नखांनी पत्र्यावर काढून दाखवला. ताईंनी दोन्ही हातांनी टेबल धरलं होतं. मघाचं ताब्याबिब्याचं त्या पार विसरल्या होत्या. दात-ओठ खाऊन त्या लांडग्याला म्हणत होत्या, ये, ये बाई, ये अंगावर, बघतेच.

तिसरा प्रहर. लांडगा ढालीला वळसा घालून झाडाकडे वळला. झाडाखाली वैद्य बसलेला, हात रिकामे. ताई म्हणाल्या, काठी घे. भाऊजी फासा हातात खुळखुळवत राहिले. नवरा वहिनीकडे बघत होता आणि हसायचा प्रयत्न करत होता. तो घाबरला आहे, हे तिला आता नीट वाचता आलं. तिलाही भीती वाटत होती. पण ही भीती वेगळी होती. हिच्यात पळून जावंसं वाटत नव्हतं.

फासा घरंगळत दलदलीत गेला, सांडलेल्या चहात थांबला. तीन.

“चावला,” भाऊजी पुटपुटले. मग घाईघाईने वैद्याच्या उरल्यासुरल्या जिवाचा हिशेब केला, दोनदा केला, आणि ओरडले, “आहे. धुगधुगी आहे. मेला नाही.”

त्यांनी दिवा मालवला. नकाशावर दुपारचं साधं ऊन पडलं. गोष्टीत सकाळ झाली. लांडगा वहिनीच्या समोर येऊन ठेपला, शेजारी तिची गुलाबी मूर्ती. वनपुजारणीला शुद्ध आली होती. माणूस मेला नव्हता, म्हणजे ती डब्यात जाणार नव्हती. औषधही अजून चालणार होतं. ताईंनी उठून वहिनीच्या पाठीत एक गुद्दा घातला. त्यांच्यात माफी मागायची हीच रीत होती.

आणि मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. वैद्य बेशुद्ध होता. वैद्याला लांडगा चावला होता. बाटली एकच होती. आणि खेळी वनपुजारणीची होती.

“पाज त्याला,” ताई म्हणाल्या. “अगं, बघतेस काय? आत्ता पाज. पुढच्या पौर्णिमेला दोघं सुटलात तर मी एकटी काय करू?”

नवऱ्याला बोलता येत नव्हतं. ज्याचं पात्र बेशुद्ध, त्याने पेला पालथा घातल्याशिवाय टेबलावर तोंड उघडायचं नाही, हाही नियमच. तो नुसता बघत होता. बेशुद्ध माणसाच्या अंगावरची वस्तू मात्र कुणीही घेऊ शकतं. वहिनीने त्याच्यासमोर हात पसरला. त्याने खिशात बोटं घातली आणि बाटली काढली. बाटलीला लागून गोळ्यांची डबीही बाहेर आली.

डबी परत खिशात टाकणं काही कठीण नव्हतं. क्षणभर त्याचा अंगठा तिच्या झाकणावर थांबला. मग त्याने दोन्ही वस्तू टेबलावरून सरकवल्या, नकाशावरून, दलदलीतून, वनपुजारणीपर्यंत.

वहिनीने एक खोल श्वास घेतला.

“मी बाटली घेते,” ती भाऊजींना म्हणाली, “आणि आमच्या दोघांच्या मधे ठेवते. त्याचं डोकं मांडीवर घेते. जखम बांधते. तो जागा झाला की विचारीन, हवंय का म्हणून.”

“आणि नको म्हणाला तर?” ताईंनी विचारलं.

“तर पुढच्या वेळी तुम्ही ढाल मोठी आणा.”

भाऊजी हसता हसता खुर्चीतून घसरायचे राहिले. ते म्हणाले, बोललं ते झालं, आणि वही मिटली. वहिनीचा पेला तेवढा भरलेला तसाच राहिला होता. तिने तो उचलला. मग डबी उघडून पाहिली, संध्याकाळची गोळी आहे ना, झाकण लावलं आणि डबी आपल्या एप्रनच्या खिशात टाकली. नवरा बघत होता. नियमाप्रमाणे तो बेशुद्ध होता. त्याला काही बोलता आलं नाही.